डाळिंबाचे पाणी: सोलापूरच्या बागेत कोणत्या टप्प्याला किती लिटर

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ, माळशिरस. यातल्या कुठल्याही डाळिंबाच्या बांधावर उभे राहून "पाणी किती देताय?" असे विचारा, उत्तर तासांत मिळते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या आबांना मी हेच विचारले.

"दोन तास सोडतोय की रोज."

"आबा, दोन तासांत एका झाडाला किती लिटर जातंय?"

"ते काय मोजायचं? ड्रीपर चार लिटरचा हाय, झाडाला चार ड्रीपर हायेत. बत्तीस लिटर झालं बघ."

हिशेब चोख होता. मग आम्ही लाईनीच्या शेवटच्या झाडाखाली बसलो. खुरप्याने ड्रीपरखाली खळगा केला, त्यात डेअरीचे अर्ध्या लिटरचे माप ठेवले आणि मोबाईलवर सहा मिनिटे लावली. चार लिटरचा ड्रीपर सहा मिनिटांत ४०० मिलि देतो. मापात जमले २५० मिलि. तसेच उठून व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या झाडाला गेलो, तिथे ४२० भरले. म्हणजे आबांच्या पहिल्या झाडाला साधारण ३४ लिटर आणि शेवटच्या झाडाला २०. शेवटच्या झाडांची फळे दरवर्षी बारीक राहतात, याचा दोष ते इतकी वर्षे खालच्या मुरमाला देत होते.

पाण्यामुळे फळाचे वजन, रंग, गोडी, साल सगळे बदलते हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. पण किती पाण्याने काय बदलते, हे टप्प्यानुसार फार कमी जण पाहतात. एकाच झाडाला फेब्रुवारीत १८ लिटर पुरतात आणि मे महिन्यात ४५ लागतात. एका टप्प्यावर पाणी तोडले तर कळी फुटते, दुसऱ्या टप्प्यावर तेवढेच तोडले तर माल तडकतो. आपल्याकडे सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पाणी मोजून दिल्याशिवाय इथे डाळिंब परवडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बदाम-पिस्त्याच्या बागांनी काय शिकवले

थोडे बाहेरचे सांगतो, कारण फळबागेच्या पाण्याचा टप्प्याटप्प्याने अभ्यास कवचफळांवर फार बारकाईने झाला आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात पूर्ण वाढलेल्या बदामाला हंगामात १,००० मिलिमीटरहून जास्त पाणी लागते. दुष्काळ पडू लागले तसा तिथल्या संशोधकांनी प्रश्न घेतला: पाणी कमी करायचेच असेल तर कोणत्या आठवड्यात केले म्हणजे नुकसान सर्वांत कमी?

बदामाची बाहेरची साल उकलायला लागते तेव्हा दोनेक आठवडे झाडाला मध्यम ताण दिला (म्हणजे पाणी मुद्दाम कमी केले), तर साल कुजण्याचा रोग कमी होतो आणि बदाम एकसारखा तयार होऊन झाडणीला सोपा जातो. पण तोडणीनंतर पाणी तोडले तर फटका पुढच्या वर्षी बसतो, कारण त्याच वेळी पुढच्या फुलांच्या कळ्या झाडात घडत असतात. पिस्त्याचे कवच टणक होते त्या काळात झाड ताण बऱ्यापैकी सोसते. आत गर भरू लागला की अजिबात सोसत नाही. तेव्हा पाणी कमी पडले तर कवच न उकललेल्या पिस्त्यांचे प्रमाण वाढते आणि असा माल कमी भावात जातो. आपल्या कोकणातला काजू बहुतेक पावसावरच असतो, तरी मोहोर ते फळधारणा या काळात थोडे पाणी मिळालेल्या काजूचे उत्पादन वाढते.

झाडे वेगळी, हवामान वेगळे. कोणी मला विचारले की सोलापुरात बदाम लावू का, तर मी नको म्हणेन. त्याला लागते ती थंडी आपल्याकडे नाही. पण त्या अभ्यासाची दिशा डाळिंबाला तंतोतंत लागू पडते. डाळिंबाला तर ताण आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत. चुकते ते ताण तोडल्यानंतरचे पाणी.

पहिली पायरी: बहार मे महिन्याच्या पाण्यावरून ठरवा

बहार म्हणजे ताण देऊन झाडाला ठरावीक हंगामात आणलेला फुलोरा आणि त्याचा माल. आंबे बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाची जून-जुलैत, हस्ताची सप्टेंबर-ऑक्टोबरात. भाव पाहून बहार धरण्याची आपली सवय आहे. मी उलट सांगतो: आधी विहिरीचा आणि शेततळ्याचा हिशेब मांडा.

आंबे बहारात फळ सर्वांत जोमाने वाढते ते एप्रिल-मे मध्ये, म्हणजे बोअर आटतात तेव्हाच. ४.५ × ३ मीटर अंतरावर एकरी ३०० झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या बागेला फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत एकरी साधारण १४ लाख लिटर पाणी लागते (हा आकडा कसा आला ते पुढे दिले आहे). ३० × ३० × ३ मीटरचे, बाजूंना एकास एक उतार असलेले शेततळे काठोकाठ भरले तर सुमारे २२ लाख लिटर धरते. वाटते, दीड एकराची सोय झाली. पण उन्हाळ्यात तळ्यावरून रोज सात मिलिमीटर पाणी उडाले, तर ९०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून ६,३०० लिटर जातात. मे महिन्यात एवढ्या पाण्यावर १४० झाडे दिवस काढतात! पातळी खाली जाईल तसे उडणे थोडे कमी होते, तरी चार-साडेचार महिन्यांत सहा-सात लाख लिटर हवेत गेले असे धरून चाला. उरले पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक एकर. विहिरीची साथ नसताना एका तळ्यावर दोन एकर आंबे बहार धरला, तर मे महिन्यात टँकर बोलवावा लागतो. टँकरच्या पाण्यावर पोसलेले फळ नफा देते असे मी तरी पाहिलेले नाही.

हस्त बहाराचे एकूण पाणी काही फार कमी नाही, पण ते पावसाळ्यानंतरचे असते. विहिरी भरलेल्या, हवा कोरडी, त्यामुळे तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा जोरही कमी. अडचण ताणाची आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस सुरू असेल तर ताण बसत नाही आणि कळी विस्कळीत निघते. मृगाला पाणी सर्वांत कमी लागते, मात्र फळ पावसाळ्यात सापडते आणि तेल्या-डांबऱ्यासारख्या रोगांच्या फवारण्यांत वाचलेल्या पाण्याचे पैसे जातात. हलक्या रानात आणि तुटपुंज्या पाण्यात माझा कल हस्ताकडे आहे.

दुसरी पायरी: ठिबक खरे किती देते ते मोजा

वर आबांच्या बागेत केले तेच. प्रत्येक व्हॉल्व्हवर सुरुवातीची, मधली आणि शेवटची लॅटरल (ड्रीपर बसवलेली बारीक नळी) घ्या, आणि प्रत्येकीवर पहिले, मधले, शेवटचे झाड. नऊ ठिकाणी सहा-सहा मिनिटे. सकाळी एकट्याने केले तरी तासाभरात होते. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक चालतो. त्याच्या वर गेला तर आधी फिल्टरची जाळी धुवा, मग लॅटरलच्या शेवटच्या टोप्या उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. आपल्या बोअरचे पाणी जड आहे, ड्रीपरच्या तोंडाशी पांढरी पुटे बसतात. ती आम्ल प्रक्रियेने निघतात. आम्ल पाण्यात टाकायचे, पाणी आम्लात कधीही नाही, आणि हातमोजे-चष्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नका. एवढे करूनही टोकाला दाब येत नसेल तर एका व्हॉल्व्हवर झाडे जास्त झाली आहेत. व्हॉल्व्हचे दोन भाग करा.

ड्रीपर खोडाशी ठेवण्याची सवय मोडा. लहान रोपाला ठीक आहे. झाड मोठे झाले की पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या फांद्यांच्या घेराखाली पसरतात, आणि खोड सतत ओले राहिले तर मर रोगाला आयते घर मिळते. दोन्ही बाजूंना लॅटरल घ्या, ड्रीपर खोडापासून दीड-दोन फुटांवर सरकवा.

तिसरी पायरी: लिटरचा हिशेब, सहाच्या पाढ्याने

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. सगळा हिशेब यावर उभा आहे.

हवा रोज किती पाणी ओढते ते बाष्पीभवन पात्रातल्या, म्हणजे उघड्या पात्रातले पाणी दिवसात किती मिलिमीटर उडाले त्या, आकड्यावरून कळते. पात्रातल्या मिलिमीटरला ०.७ ने गुणले की पिकाच्या हिशेबाचा संदर्भ आकडा मिळतो. आपल्या भागात तो डिसेंबरात चारच्या आसपास असतो, फेब्रुवारीत पाच, मार्चमध्ये सहा, एप्रिलमध्ये पावणेसात आणि मे महिन्यात साडेसातपर्यंत जातो. याला पिकाच्या अवस्थेचा गुणांक लावायचा: नवी पालवी आणि कळी निघताना ०.६, सेटिंग (फळधारणा) होऊन फळ वाढू लागले की ०.९, भर वाढीत १, पक्वतेकडे झुकल्यावर ०.७५ ते ०.८. मग झाडाचे क्षेत्र, ४.५ × ३ म्हणजे १३.५ चौरस मीटर. पूर्ण वाढलेल्या झाडाखाली यातला साधारण ४० टक्के भाग ओला ठेवायचा असतो. शेवटी ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरून ०.९ ने भागायचे.

१३.५ × ०.४ ÷ ०.९ यांचे उत्तर बरोबर ६ येते. म्हणून ४.५ × ३ वरच्या मोठ्या झाडाला एवढेच पुरे: संदर्भ आकडा × गुणांक × ६.

फेब्रुवारीत कळी निघताना ५ × ०.६ × ६ म्हणजे १८ लिटर. मार्चमध्ये सेटिंगनंतर ६ × ०.९ × ६, साधारण ३२. मे महिन्यात ७.५ × १ × ६, ४५ लिटर. हेच झाड हस्त बहारात असेल तर डिसेंबरच्या भर वाढीतही ४ × १ × ६ म्हणजे २४ लिटरवर भागते. तीन वर्षांच्या झाडाखाली ४० ऐवजी २५ टक्के भाग धरा, म्हणजे सहाच्या जागी पावणेचार येईल. अंतर वेगळे असेल तर तुमचा आकडा एकदा काढून मोटारीच्या पेटीच्या झाकणावर खडूने लिहून ठेवा. चार ड्रीपर मिळून तासाला १६ लिटर देत असतील तर ४५ लिटरला पावणेतीन तासांहून थोडे जास्त लागतात. तास इथे आले, शेवटी.

चौथी पायरी: माती काय म्हणते ते हाताने पाहा

हिशेब सुरुवात करून देतो. खरे-खोटे मुळापाशी ठरते. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रीपरपासून वीतभर अंतरावर फूटभर खोल खड्डा घ्या. तळाची माती मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला, बोटाने टिचकी मारल्यावर फुटला आणि तळहाताला चिखल लागला नाही, तर वाफसा आहे. गोळ्यातून पाणी झिरपले किंवा हात माखला, तर पाणी जास्त झाले. गोळाच झाला नाही तर कमी. मुरमाड रानात गोट्यांमुळे फसायला होते. खडे निवडून टाका आणि उरलेली बारीक माती दाबून पाहा.

खड्ड्यातल्या मुळ्यांकडेही लक्ष द्या. निरोगी पांढरी मुळी दिसायला पांढुरकी, तुटताना कडक. सतत ओल्या रानात ती तपकिरी होते, चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. हे दिसले तर पाणी त्याच दिवशी कमी करा. पाने पिवळी पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

दोन-तीन एकरांच्या वर बाग असेल तर टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतली ओल काट्यावर दाखवणारे उपकरण, घ्याच. एक फूट खोलीवर बसवा. हलक्या रानात काटा २० ते २५ सेंटिबारवर आला की पाणी सुरू करायचे, भारी रानात ४० पर्यंत थांबता येते. मुरमाड रानात पाणी रोज आणि थोडे द्या, मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ दोन हप्त्यांत. भीमेकाठच्या काळ्या रानात तेच पाणी तीन-चार दिवसांचे एकत्र करून दिले तर मुळांना मध्ये हवा मिळते. रात्रपाळीची वीज असेल तर दोन हप्ते जमत नाहीत, मान्य. तेव्हा आच्छादन जाड करा. उसाचे पाचट किंवा तुरीचा भुसा चार बोटे जाड पसरला की दुपारची धग मुळांपर्यंत पोहोचत नाही.

पाचवी पायरी: टप्प्याप्रमाणे पाणी कमी-जास्त करा

ताण. हलक्या रानात ३० ते ४० दिवस, भारी रानात ५० ते ६० दिवस पाणी बंद. दिवस मोजण्यापेक्षा झाड बघा: निम्मी पाने पिवळी होऊन गळायला लागली, फांदीची टोके टणक झाली, म्हणजे ताण बसला. मग छाटणी, आणि राहिलेली पाने उतरवायला इथरेल हे पानगळीचे औषध. त्याचे प्रमाण सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणेच घ्या. शेजाऱ्याने जास्त मारले म्हणून आपण मारू नये, फांद्या वाळतात. दोन वर्षांच्या आतल्या झाडाला आणि मागच्या बहारात थकलेल्या झाडाला ताण देऊ नका.

ताण तोडणे. इथे घाई होते. महिनाभर कोरड्या राहिलेल्या रानात पहिल्याच दिवशी मोकाट पाणी सोडले की उरलेल्या मुळ्या गुदमरतात. पहिले पाणी हलके, दोन दिवसांनी दुसरे, आणि तिसऱ्या पाण्याला फूट-दीड फूट ओल जाईल इतके. त्यानंतर १८-२० लिटरच्या पट्टीत या. या काळात पाणी जास्त झाले तर बुंध्यातून पाणसोट सुटतात, पालवी माजते आणि कळीचे खाद्य पाल्यात जाते. बाग हिरवीगार दिसते, बघणारा खूश होतो आणि फुले मोजायला गेले की हाती काही लागत नाही.

फुलोरा आणि सेटिंग. पाणी कमी पडले तरी फूल गळते, जास्त झाले तरी गळते. म्हणून या महिनाभरात पाण्याची वेळ आणि माप बदलायचे नाही. वीज गेली, पाणी चुकले, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊन भरपाई करू नका. दीडपटीच्या वर कधीही नको.

फळवाढ. सेटिंगनंतरच्या पहिल्या चाळीसेक दिवसांत फळाच्या पेशींची संख्या ठरते आणि पुढे त्या पेशी फुगतात. सुरुवातीला उपाशी ठेवलेले फळ नंतर कितीही पाणी दिले तरी मोठ्या साईजला जात नाही. पाणी कुठे तोडायचेच असेल तर इथे तोडू नका. पाणी खरोखर अपुरे असेल तर फळांची संख्या कमी करा. झाडावर शंभर लिंबाएवढी फळे ठेवण्यापेक्षा साठ चांगली फळे ठेवा. हात धजावत नाही हे मला माहीत आहे, सेट झालेले फळ तोडून टाकताना जिवावर येते. तरी तोडा.

माझ्याच बागेतला एक एप्रिल सांगतो. फळ लिंबाच्या पुढे गेले होते आणि मोटार जळली. रिवायंडिंगला नऊ दिवस गेले. मोटार आली त्या रात्री मी आठ तास पाणी सोडले, झाडांची तहान भागवायच्या हेतूने. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत शिरलो तर फळे तडकायला लागली होती: देठाच्या बाजूने निघून खालच्या मुकुटापर्यंत गेलेली सरळ चीर, आत कच्चे पांढरट दाणे आणि चिरेत मुंग्यांची रांग. कोरड्या दिवसांत साल ताठर होते, ताणत नाही. एकदम पाणी मिळाल्यावर आतले दाणे फुगतात आणि साल फाटते. त्या नऊ दिवसांनंतर मी पहिल्या रात्री रोजच्या निम्मे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाऊणपट आणि मग पूर्ण असे चढवत नेले असते, तर बराच माल वाचला असता. तडकण्यामागे बोरॉन आणि कॅल्शियमची कमतरताही असते, ती माती आणि पान परीक्षण करून भरून काढा. पण ओल खाली-वर होत राहिली तर कितीही बोरॉन फवारले तरी फळ तडकते.

पक्वता. भगवा या वाणाला फुलापासून तोडणीपर्यंत साधारण १८० दिवस लागतात. शेवटचे तीन-चार आठवडे पाणी टप्प्याने २० ते २५ टक्के कमी करा: पहिल्या आठवड्यात १०, पुढच्यात १५, मग २०-२५. रसातली साखर घट्ट होते, सालीला रंग चढतो, फळ वाहतुकीत टिकते. वजन थोडे कमी भरते, हेही सांगायला हवे. जागेवर किलोने सौदा करणारा बागायतदार म्हणूनच शेवटपर्यंत भरपूर पाणी देतो. मालाला वजन येते, पण दाणा पाणचट लागतो आणि व्यापारी पुढच्या वर्षी त्या बागेकडे वळत नाही. कमी करायचे म्हणजे बंद करायचे नाही. आंबे बहारात तोडणीच्या तोंडावर वळवाचा किंवा मृगाचा पाऊस येतो. रान कोरडेठाक असताना तो पाऊस पडला की रात्रीत फळे तडकतात. पावसाचे वातावरण असेल तर वाफसा कायम ठेवा, तडकणे बरेच आटोक्यात राहते. तयार फळ झाडावर जास्त दिवस ठेवू नका. उशीर आणि उष्णता मिळाली की आतले दाणे तपकिरी पडतात, आणि ते वरून ओळखू येत नाही.

खारे पाणी असेल तर

आपल्याकडच्या कितीतरी बोअरचे पाणी मचूळ आहे. पाण्याची ईसी (पाण्यातल्या क्षारांचे माप) दोनच्या वर असेल तर पाणी कमी देण्याचा प्रयोग जपून करा. झाड पाणी पिते आणि क्षार मागे ठेवते. पाणी कमी केले की ते मुळांभोवती दाटतात. ठिबकने ओल्या झालेल्या वर्तुळाच्या कडेला पांढरी पापडी दिसते, ते हेच क्षार. पानांची टोके जळाल्यासारखी दिसतात आणि आपण ते बुरशी समजून फवारत बसतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा नेहमीच्या दीडपट पाणी देऊन क्षार खाली ढकला. फळ पक्वतेला आले असेल तेव्हा मात्र हे करू नका.

पहिला हलका पाऊस पडतो तेव्हा ठिबक बंद करू नका, सुरू ठेवा. चार-पाच मिलिमीटरचा शिडकावा कडेची पापडी विरघळवून मुळांकडे नेतो. ठिबक चालू असले तर आतून बाहेर जाणारे पाणी तिला अडवते. चांगला २०-२५ मिलिमीटर पाऊस झाला की मग बंद करा, आणि पुन्हा कधी सुरू करायचे ते खड्डा घेऊन ठरवा.

मर लागलेले झाड दिसले की

अचानक एका फांदीची पाने पिवळी पडली आणि आठ-पंधरा दिवसांत झाड वाळत गेले, तर पहिले काम त्या झाडाचे आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन झाडांचे पाणी वेगळे करणे. पाटपाण्याने बुरशी झाडाझाडांतून पुढे जाते, म्हणून मर असलेल्या बागेत पाट कधीच नको. आजूबाजूच्या झाडांना फक्त वाफशापुरते पाणी द्या आणि औषधाची आळवणी (औषधाचे पाणी मुळाशी ओतणे) केंद्राच्या सल्ल्याने करा. खोडावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि खाली भुसा दिसला तर खोडकिडा आहे. तोही ओलसर, कमकुवत झाडांवर आधी येतो.

शेवटची पायरी: तोडणीनंतरचे पाणी

शेवटचा क्रेट गाडीत चढला की मोटार बंद करून पुढच्या ताणाची वाट पाहणे ही आपल्याकडची जुनी रीत. बदामाच्या बागांत जे दिसले तेच इथेही लागू आहे: तोडणीनंतरचे दीड-दोन महिने झाड पुढच्या बहाराचे खाद्य खोडात आणि मुळांत साठवते. शेणखत आणि खताचा हप्ता याच वेळी द्या, आणि सोबत भर वाढीच्या निम्म्याहून थोडे जास्त पाणी. हस्ताचा माल मार्चमध्ये निघाला तर एप्रिल-मे मध्ये झाडाला रोज २५ लिटरच्या आसपास लागेल. ते राखून ठेवण्याचा हिशेब बहार धरतानाच करायला हवा, नाहीतर पुढच्या ताणात झाड सोसत नाही आणि कळी निघाली तरी दुबळी, नर फुलांचीच जास्त निघते. या विश्रांतीच्या काळातच लॅटरल धुऊन घ्या, ड्रीपर पुन्हा मापाखाली धरा, आणि ज्या झाडाखाली ४०० ऐवजी ३०० मिलि भरले तिथला ड्रीपर बदलून टाका.